एका तिकिटावरची दोन नावं

मी एक यादी बोलतेय. कागदावरची नव्हे. कागदाला निदान घडी घालून खिशात ठेवता येतं. मी विमानतळावर, नऊ नंबरच्या दरवाजाशेजारी, भिंतीवरच्या पडद्यावर असते. विमानातल्या पुढच्या रुंद जागा विकून उरल्या, तर त्या फुकटात कुणाला द्यायच्या हे मी सांगते. म्हणजे मी सांगते असं लोकांना वाटतं. मला कुणी काही विचारत नाही हो.

माझा जन्म आज दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी झाला. विमान तीन दहाचं. दार लागलं की मला पुसतात, म्हणजे आयुष्य पावणेतीन तासांचं. जन्मले तेव्हा काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधून ‘टुंग’ असा आवाज झाला आणि मी अशी दचकले की काय सांगू. तेव्हापासून दचकायची खोडच लागली. काही वाजलं की वाटतं, माझ्यातलं कुणीतरी गेलं. बहुतेक वेळा खरंच गेलेलं असतं.

माझ्यात अकरा नावं होती. पूर्ण नावं नाहीत, आडनावाची तीन अक्षरं आणि पुढे एक. जे सारखं सारखं विमानानं जातात त्यांना कंपनी कार्ड देते. सगळ्यात जास्त फिरणाऱ्याला काळं, त्याहून कमी फिरणाऱ्याला सोनेरी, मग चंदेरी. काळी कार्डं वर, चंदेरी खाली. दोघांचा रंग एकच असला तर ज्याचं तिकीट महाग तो वर. तेही सारखं असलं तर ज्यानं आधी मागितलं तो वर. झालं, एवढंच. वय काय, कुठे दुखतंय, याला माझ्यात रकानाच नाही. असता तर मी भरला असता, शपथ!

लोक माझ्याकडे सरळ येत नाहीत. आधी घड्याळ बघतात, मग पाण्याची बाटली भरायला निघतात आणि वाटेत सहज मान वर करतात. ओठ हलतात: आपल्या वर किती आहेत ते मोजत असतात. मग मागे वळून खुर्च्यांवरच्या माणसांकडे बघतात, की यातला कोण माझ्या वर बसलाय? ते बघणं मला अजिबात सहन होत नाही. डोक्यावर गॉगल चढवलेले एक गृहस्थ तासाभरात सात वेळा पाणी भरायला गेले. ते माझ्यात तिसरे होते, सोनेरी कार्डाचे.

पहिल्या दोन नावांनी मात्र असलं काही केलं नाही. ती दोघं थेट माझ्यासमोर येऊन थांबली. एक मुलगी, पस्तिशीची असेल, आणि चाकाच्या खुर्चीत तिचे वडील. उजवा पाय पट्ट्यांनी जखडलेला, समोर काठीसारखा ताठ. वडिलांनी मला मोठ्यानं वाचलं.

“एक नंबरला चिंगी, दोन नंबरला मी. शाळेत कधी आली नाहीस गं बाई एक नंबरला!”

“बाबा, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत की. मला कुठे पळायचंय?”

काळं कार्ड मुलीचं होतं. ती गावोगावच्या कारखान्यांत जाऊन पाकिटं भरायची यंत्रं बसवून देते. माझ्याकडे तिची नोंद आहे: गेल्या वर्षात एकशे सहा उड्डाणं. वडील निवृत्त बस कंडक्टर, कार्ड कुठलंच नाही. पण काळ्या कार्डवाल्याच्याच तिकिटावर त्याचं माणूस असलं, तर ते त्याचं बोट धरून वर चढतं, असा नियम आहे. म्हणून तिनं मुद्दाम दोघांचं एकच तिकीट काढलेलं. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन करून ती दोघं घरी निघाली होती. साडेपाच तासांचा प्रवास, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं, पाय दुमडायचा नाही.

“आडवं व्हायचं आणि घर येईपर्यंत उठायचं नाही,” मुलगी म्हणाली.

“जेवायला तरी उठवशील?”

“तिथे बसल्या जागी आणून देतात.”

“थाट आहे बुवा!” म्हातारा हसला. मग म्हणाला, “तुझ्या आईला म्हणायचीस नाही का, कार्ड काळं होऊ दे, मग तुला पुढे बसवून नेते. तेव्हा सोनेरी होतं ना?”

“चंदेरी होतं. बाबा, नको ना आत्ता.”

“नाही गं, सहज आठवलं.”

चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लागलेलाच होता, तो तिनं पुन्हा दाबला.

तेव्हा पुढच्या सहा जागा रिकाम्या होत्या. सहा! मी मनातल्या मनात त्या दोघांना कधीच बसवून टाकलं होतं. मग टुंग. कुणीतरी पूर्ण भाडं भरून दोन घेतल्या. पुन्हा टुंग. दुसरं विमान चुकलेलं एक जोडपं आलं, त्यांनी पुढचीच तिकिटं काढलेली. उरल्या दोन. दोनच तर हव्यात, मी स्वतःला समजावत होते. दोन आहेत, दोघं आहेत.

दोन वाजता हातात टॉर्च घेतलेला मेकॅनिक काउंटरवर आला.

“पुढची एक सीट गेली. पट्टाच निघालाय. फीत लावून बंद केली.”

“कुणाची होती?” काउंटरवरच्या ताईंनी विचारलं. ताई शांत बाई. मी त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये राहते, त्यामुळे त्यांची नखं मला पाठ आहेत.

“भाडं भरलेल्याची. त्याला दुसरी द्या.”

टुंग. उरली एक.

आणि मग जे झालं ते मी केलं नाही, माझ्याकडून झालं. एका तिकिटावर दोघं असली आणि जागा एकच असली, तर त्या दोघांना सोडून मला पुढच्या नावावर जावं लागतं. मी गेले. पहिल्याला ओलांडलं, दुसऱ्याला ओलांडलं आणि गॉगलवाल्यांच्या नावाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी ते पाहिलं आणि बाटली तशीच अर्धी ठेवून पिशवी खांद्याला लावली. मुलगी मात्र मोबाईलवर घरातलं कुणी दार उघडायला येईल का ते विचारत होती. तिला काही कळलंच नाही.

ताईंचा हात थांबला. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, एकच जागा राहिलीय. तुम्ही दोघं एकत्र आहात म्हणून सिस्टिम तुम्हाला सोडून पुढे चाललीय. तिकीट वेगळं करू का? वेगळं केलं तर तुम्हाला मिळेल.”

“मला नको, बाबांना द्या.”

“त्यांचं कार्ड नाही. वेगळं केलं की ते यादीतूनच जातात.”

“अहो ताई, पाय बघा त्यांचा. डॉक्टरांची चिठ्ठी आहे.”

“दिसतंय मला.” ताईंनी खरंच खटपट केली, मी साक्षीला आहे. कंडक्टरकाकांचं नाव त्यांनी त्या जागेवर घालून पाहिलं. मी लाल झाले आणि कारण विचारलं. नियम सोडून जागा द्यायची कारणं माझ्यात तीनच: सीट मोडली, वजनाचा तोल, जुनी तक्रार. आणीबाणीच्या दाराजवळ पायाला ऐसपैस जागा असते, पण धडधाकट पायांशिवाय तिथे बसवत नाहीत. मागच्या भागातली पहिली रांग पाळण्यातल्या बाळांसाठी गेलेली.

“आणि मी जागा घेतली, मग आत जाऊन बाबांशी बदलली तर?”

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. “परवानगी नाही. कार्डवाल्यानंच बसायचं असतं. पण मी काही ऐकलं नाही. काय ते लगेच सांगा, दोन मिनिटांत ही जागा जाईल.”

गॉगलवाले काउंटरकडे यायला निघालेही होते.

“करा वेगळं,” ती म्हणाली.

टुंग. दोन नंबरचं नाव माझ्यातून गेलं. कुणी उपटल्यासारखं नाही, ओलं बोट फिरवल्यासारखं. तिचं नाव हिरवं झालं. गॉगलवाले अर्ध्या वाटेवर थबकले, काहीतरी पुटपुटले आणि, एव्हाना आत सोडायला सुरुवात झालीच होती, थेट विमानाकडे चालू लागले. आणि माझ्या ध्यानीमनीही नसताना अजून एक आवाज झाला. मुलीची मागची जागा, एकतिसाव्या रांगेतली, वडिलांच्या शेजारची, मोकळी झाली होती. कालपासून जागेसाठी ताटकळलेला एक रंगारी होता, दाढीला पांढरा रंग चिकटलेला, खांदे दरवाजाएवढे. विमान मागे पूर्ण भरलेलं, त्यामुळे ती जागा आपोआप त्याला गेली. ताईंनी त्याला हाक मारली. तो इतका आनंदला की ताईंना दोनदा नमस्कार करून पळत आत गेला.

मुलगी वडिलांपाशी उकिडवी बसली.

“बाबा, ऐका. आत गेलं की तुम्ही माझ्या जागेवर बसायचं. मी मागे जाते.”

“म्हणजे जागा कुणाच्या नावावर?”

“माझ्या.”

“आणि बसणार मी?”

“कुणी विचारलं तर मी बोलते ना!”

म्हातारा हसला, पण या वेळी आवाज न करता. “चिंगे, चौतीस वर्षं मी हेच केलं. दुसऱ्याच्या पासवर बसलेल्याला उठवायचं. म्हाताऱ्यांना उठवलंय, एका पोटुशीलाही उठवलंय. तीही म्हणाली होती, माझ्या नणंदेचा पास आहे, घरचाच आहे. भर उन्हात उतरवली मी तिला.”

“बाबा, ते वेगळं होतं.”

“काय वेगळं? मी नाही बसायचो. आणि कुणी येऊन मला उठवलं, चारचौघांत, या असल्या पायानं, तर कसा उठू सांग?”

तिनं त्यांच्या ताठ पायावरची सैल झालेली पट्टी घट्ट केली.

“मग मीही नाही जात पुढे. तुमच्याजवळ बसते. पाय माझ्या मांडीवर ठेवा,” ती म्हणाली आणि उठून काउंटरवर आली. “ताई, मला नको ती जागा. आधीची द्या.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर तिथेच ठेवली. “मॅडम, मागची गेली. तुम्ही हो म्हणालात तेव्हाच.”

“गेली म्हणजे?”

“मागे आता एकही जागा नाही. तुमच्यासाठी फक्त पुढचीच आहे.”

“मग ज्याला दिलीत त्याला पुढे बसवा ना! त्यालाही बरं, आम्हालाही बरं.”

“त्याचं कार्ड नाही, मॅडम.”

मुलगी थोडा वेळ काउंटरची कड धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “एकशे सहा वेळा गेले हो मी.” ताईंनी मान हलवली. एकशे सहाचा आकडा मी पडद्यावर दाखवतच होते. त्याचं आता काय करायचं, ते आम्हा तिघींतल्या कुणालाच कळेना.

चाकाची खुर्ची आत न्यायला माणूस आला. वडिलांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी हात पुढे केला, मुलीच्या हातातला नवा बोर्डिंग पास घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

“रांग दुसरी. खिडकी. चांगली आहे की.”

“पाय कसा ठेवाल तुम्ही?”

“ठेवीन कसातरी वाटेत. येणाराजाणारा अडखळेल, शिव्या देईल. शिव्यांची सवय आहे मला.”

“मध्येच दुखायला लागलं तर? मला कोण सांगणार?”

“तुला सांगून तू काय करणार आहेस, चिंगे?” ते रागानं म्हणाले नव्हते. पण तिनं तोंड फिरवलं आणि ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पास तिच्या हातात परत दिला आणि तिची बोटं वरून दाबून मिटवली. “जा. तू नाही बसलीस तरी मला काही ती मिळायची नाही.”

खुर्ची आत गेली. मग उरलेले प्रवासी. मुलगी सगळ्यात शेवटी उठली. पुढच्या जागेवाल्यांना आधी सोडतात, ताईंनी तिला दोनदा खूण केली होती, पण ती हलली नाही. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचं नाव हिरवं करून उभी होते, शेजारी ‘मिळाली’ असं लिहून. ते पुसता येत असतं तर मी पुसलं असतं. पण मला दुसऱ्यांनी पुसायचं असतं, मला स्वतःला काही पुसता येत नाही.

आता तीन वाजून पाच मिनिटं झालीयत. खुर्च्या रिकाम्या. ताई काउंटर आवरतायत. आत काय चाललंय ते मला दिसत नाही आणि कधी कळणारही नाही. म्हातारा पाय कुठे ठेवत असेल, मुलगी बसली असेल की अजून विमानातल्या पुढच्या-मागच्या भागांमधल्या पडद्याशी उभी असेल, माझं सगळं लक्ष तिकडेच आहे.

तुम्हाला एकच सांगते, पटलं तर ऐका. तुम्ही दोघं एका तिकिटावर असाल आणि कुणी, अगदी चांगल्या मनानं, हळूच विचारलं, “वेगळं करू का?” तर घाईनं हो म्हणू नका. मागची जागा कुणाला जाणार, आणि पुन्हा एकत्र येता येईल का, हे आधी विचारा. विचारायला भीती वाटली तरी विचारा. मला वाटत होती. मी बोलले नाही.

ताईंनी दाराची कडी ओढली. आता त्या माझ्याकडे वळल्यात आणि त्यांचं बोट खाली येतंय. येऊ दे. येते मी.