नौबहारच्या तसबिरी

ताहेर जिल्दसाजाचं पुस्तकबांधणीचं दुकान नांदेडच्या इतवाऱ्यात होतं. पुढे दुकान, मागे घर. जहागिरीच्या कचेरीतले कारकून अवधूतराव ज्या दुपारी तसबिरींची पेटी घेऊन आले, त्या दुपारी त्याची बायको साबेरा मागच्या खोलीत मैद्याची खळ शिजवत होती. फसली तेराशे एकावन्नचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बेचाळीसचा उन्हाळा होता. मोरचूद टाकल्यावर खळ ढवळायची थांबवली की गुठळ्या होतात, हे तीस वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. पण पडद्याच्या पलीकडून ‘नौबहार तलाव’ असे दोन शब्द आले आणि तिचा हात थांबला.

अवधूतराव सांगत होते, “धाकट्या सरकारांना तळ्याकाठी पुन्हा बंगले बांधायचे हायत. आजोबांच्या वेळच्या या एकोणीस तसबिरी सापडल्या, सिकंदराबादच्या कुण्या कॅमेरावाल्यानं काढलेल्या. त्याचा अल्बम करायचा. पण मागं एक अक्षर लिहिलेलं न्हाई. कोणती इमारत कोणती, ते सांगणारं माणूसच उरलं न्हाई.”

“नावं कळल्याबगर पानं कशी लावू मी?” ताहेर म्हणाला.

साबेराने पातेलं खाली उतरवलं, ओढणी कपाळावर ओढली आणि ती पडद्याबाहेर आली. परक्या माणसासमोर ती अशी कधी येत नसे. ताहेरने चमकून पाहिलं.

“मला दाखवा,” ती म्हणाली. “मी तिथली हाय.”

पहिलीच तसबीर पाहून ती खाली बसली. पाण्यात उतरलेली बारादरी, तिच्या कोपऱ्यावरचा तुटका कळस. “बारादरी,” ती म्हणाली. “कळस माकडानं पाडला होता.” मग गोल बंगला, मग तबेला. चौथ्या तसबिरीवर ती अडली. इमारत मेहमानखान्याचीच होती, पण दारापुढचा कडुनिंब भलत्याच बाजूला होता. तिने ती उजेडाकडे धरली, परत ठेवली, आणि म्हणाली, “हे उलटं हाय. झाड डावीकडं होतं. मी रोज त्याच्याखाली खेळत होते.”

अवधूतरावांनी चष्मा पुसला आणि भिंग लावलं. काठाला बांधलेल्या नावेवर उर्दूत काही लिहिलं होतं आणि अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी होती. “काच पालथी ठेवून छापली,” ते हळूच म्हणाले. त्यानंतर त्यांनी तिला ‘बाई’ म्हणायचं सोडलं आणि ते ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणू लागले.

साबेराची आई, बेगमबी, नौबहारच्या बावर्चीखान्यात रोट्या करायची. बाप आधीच गेलेला. उन्हाळा आला की जहागीरदारांचा सगळा गोतावळा मुदखेडला आगगाडीतून उतरून, सहा मैल बैलगाड्यांनी तळ्यावर यायचा. मग दोन महिने काठावरच्या वीस इमारतींत दिवे, नावा, कबुतरं, पतंग. साबेरा नऊ वर्षांची असताना तिला गोवर निघाला आणि आईने तिला नांदेडला मामूकडे धाडलं. त्याच पावसाळ्यात पूर येऊन तळं काठावर चढलं आणि शेवटी बांध फुटला. चुन्यामातीच्या भिंती पाण्यापुढे टिकल्या नाहीत. बेगमबी सापडली नाही. जहागीरदारांनी पुढे बांध दुरुस्त केला, बंगले मात्र पुन्हा उभे केले नाहीत.

आईची एकही तसबीर नव्हती. रोट्या करणाऱ्या बाईची कोण काढतो? साबेराला आईचे कोपरापर्यंत पिठाने भरलेले हात आठवत, ओढणीचा धुराचा वास आठवे, रोटी थापतानाचा आवाज आठवे. चेहरा मात्र कधीच निसटला होता. केव्हा निसटला, तेही तिला सांगता आलं नसतं. लग्नाच्या वेळी होता असं वाटे. पहिल्या बाळंतपणात तिने आईला आठवायला डोळे मिटले तेव्हा तो नव्हता.

पहिल्या दिवशी तिने अकरा तसबिरींची नावं सांगितली. मग म्हणाली, “बाकीच्या याद यायला वेळ लागल. उद्या आणा.”

तसबिरी कचेरीबाहेर ठेवायचा हुकूम नव्हता, म्हणून अवधूतराव रोज दुपारी पेटी काखेत मारून येऊ लागले. साबेरा रोज एकेका इमारतीचं नाव सांगे आणि उरलेला वेळ आधी सांगितलेल्याच तसबिरी पुन्हा चाळे. भिंग घेऊन ती खिडक्या बघायची, व्हरांड्यातल्या सावल्या बघायची, वाळत घातलेले कपडे बघायची. अवधूतराव घाई करत नसत. ताहेरने मात्र चौथ्या दिवशी, ते गेल्यावर, सुईतून दोरा काढत विचारलं, “तेरेकू सब याद है. कायकू सता री उनकू?”

ती खळीचं पातेलं घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातल्या उजेडाच्या जागी तिच्यासाठी सतरंजी टाकून ठेवली.

शेवटच्या तसबिरीत एक बैठी इमारत होती, पायऱ्या पाण्याकडे उतरलेल्या, आणि दारात कमरेवर घागर घेतलेली एक बाई. कॅमेऱ्याचं झाकण उघडं असताना ती हलली असावी. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा होता. साबेराने भिंग ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

“हा बावर्चीखाना हाय,” ती म्हणाली. “आणि ही माझी आई. बेगमबी नाव लिहा.”

अवधूतरावांनी लिहिलं. उर्दूतली ती दोन शब्दांची ओळ साबेराला वाचता येत नव्हती, तरी शाई वाळेपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली. त्या रात्री ती कित्येक वर्षांनी गाढ झोपली.

आठवड्याने अवधूतराव पुन्हा आले. मिस्त्रीला जुने चौथरे दाखवायला जागेवर कुणीतरी हवं होतं. उन्हाने पाणी आटून चौथरे उघडे पडले होते. “खाला, येता का? ताहेरभाई, तुम्ही पण चला.”

मुदखेडपर्यंत आगगाडी, पुढे कचेरीची बैलांची दमणी. बांधावर चढल्यावर साबेराला तळं दिसलं आणि ते फार लहान वाटलं. काठावर वाळलेला चिखल, त्याला भेगा, आणि भेगांतून वर आलेले दगडी चौथरे. चुन्याच्या गिलाव्याचा कपचाही राहिला नव्हता. तरी तिचे पाय आपोआप वळत गेले. हा तबेला, इथे नावघर, इथून जनान्याची भिंत. मिस्त्री मागून चुन्याची रेघ ओढत होता. तसबिरी पाहत अवधूतराव एकेक नाव ताडून घेत होते.

बावर्चीखान्याचा चौथरा तिने लांबूनच ओळखला, कारण चुलाण्याचे दगड अजून काळे होते. ती त्यावर चढली. फक्त दोन पायऱ्या होत्या, आणि शेजारी एक उतार. लाकडांची गाडी थेट दारापर्यंत यायची, त्यासाठी केलेला. साबेरा त्या उतारावर उभी राहिली आणि तिने पायऱ्या पुन्हा मोजल्या. तसबिरीतल्या इमारतीला पाच पायऱ्या होत्या. पाचच, तिने त्या इतक्यांदा मोजल्या होत्या की डोळे मिटून सांगितल्या असत्या.

पलीकडच्या काठावर, पाण्याला लागून, एक लांबट चौथरा होता. तिने नीट पाहिलं. धोबीखाना. त्याच्या पायऱ्या मोजायला तिथवर जायची गरज नव्हती, पण ती गेली. चिखल तुडवत, चपला हातात घेऊन. पाच होत्या. आणि तिला आठवलं, धोबिणीच्या कमरेवर नेहमी घागर असायची, आणि ती दार भरून जाईल एवढी उंच होती. नीलाबाई. बेगमबी तिच्या खांद्याला लागायची.

मागे अवधूतराव आणि ताहेर उभे होते. दोघांच्या ध्यानात काही आलं नव्हतं. मिस्त्री बावर्चीखान्यावर रेघ ओढून पुढे गेला होता. नुसतं गप्प राहिलं की काम झालं होतं. अल्बमात आईचं नाव कायमचं राहिलं असतं.

ती बराच वेळ त्या पाचव्या पायरीवर बसली. ताहेर जवळ येऊन बसला.

“अवधूतराव,” ती शेवटी म्हणाली, “ती तसबीर हितली हाय. बावर्चीखाना न्हाई, धोबीखाना. मी चुकले.”

अवधूतरावांनी तसबीर काढली, पायऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते खाली मान घालून म्हणाले, “खाला, मी खोडत न्हाई. कुणाला काय कळणार हाय? सरकारांना बंगल्यांचं पडलंय, बाईचं कोण बघतो?”

“मी बघते की.”

“तुम्हालाच तर पाहिजे होतं ते नाव.”

“नीलाबाईला पण एक पोर होती,” साबेरा म्हणाली. “महादेवी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. ती असंल कुठं, तर ती पण शोधून राहिली असंल. तिच्या आईवर माझ्या आईचं नाव कसं टाकू?”

अवधूतरावांनी दौत उघडली आणि गुडघ्यावर कागद ठेवून ओळ खोडली. बावर्चीखान्याची तसबीर कुठेच नव्हती. एकोणीसच्या एकोणीस पुन्हा पाहून झाल्या, तरी त्या कॅमेरावाल्याने तिकडे तोंडच वळवलेलं नव्हतं.

परतताना गाडीला वेळ होता. मुदखेडच्या ठेसनावर ताहेरने पाणी देणाऱ्या म्हाताऱ्याला सहज विचारलं, तर नौबहारची नीलाबाई त्याला ठाऊक होती. पूर आला तेव्हा ती कपडे द्यायला गावात आली होती, म्हणून वाचली. दहा-बारा वर्षांखाली वारली. लेक महादेवी वेशीजवळच राहत होती, इस्त्रीचं काम करत होती.

“जायचं का?” ताहेरने विचारलं. साबेरा आधीच चालू लागली होती.

महादेवी दारात कोळसे पाखडत होती. थोराड, पांढऱ्या केसांची, दार भरून उरेल अशी. अवधूतरावांनी तसबीर तिच्या हातात दिली. तिने ती लांब धरली, जवळ आणली. चेहऱ्याच्या फराट्याकडे तिने पाहिलंही नाही. “घागर डाव्या बाजूला,” ती म्हणाली. “आईचा उजवा हात भाजलेला होता. आईच हाय.” मग ती तिथेच कोळशांपाशी बसली आणि पदराने तसबिरीवरची धूळ पुसत राहिली, धूळ नव्हती तरी.

साबेरा उंबऱ्याशी उभी होती. जे तिला हवं होतं ते दुसरीच्या मांडीवर पडलं होतं, आणि ते बघताना तिला वाईटही वाटत होतं आणि बरंही. निघावं म्हणून ती वळली तेव्हा महादेवीने विचारलं, “तू कोणाची ग?”

“बावर्चीखान्यातल्या बेगमबीची.”

महादेवीने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तू तिच्यावानी न्हाईस,” ती म्हणाली. “ती लई सावळी होती. कपाळ हे एवढंसं. हसली की एक डोळा मिटायचा तिचा, डावा. माझी आई त्याच्यावरून तिला चिडवायची. तळ्याच्या पलीकडून पळी वाजवून हाक मारायची ती आम्हाला, उरलेल्या रोट्या न्यायला. आठवत न्हाई तुला?”

साबेरा उंबऱ्यावर बसली. सावळी, लहान कपाळ, डावा डोळा. तिने डोळे मिटून ते एकत्र करायचा प्रयत्न केला. चेहरा लगेच झाला नाही. पण काहीतरी हललं, पाणी उतरताना खालचा दगड दिसू लागतो तसं.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली. “हळू सांग.”

अवधूतरावांनी घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत खिशात टाकलं. ठेसनाकडून गाडीची शिट्टी आली. ताहेर बाहेर जाऊन कडुनिंबाच्या सावलीत बसला. महादेवीने कोळशाचं सूप बाजूला सारलं, हात झाडले आणि ती पहिल्यापासून सांगायला लागली.