गोठ्याच्या फरशीखाली

शशिधरने आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तो बागेत रमेल असं त्याच्या बायकोला, रेनाटेला, वाटलं होतं, पण त्याला भलताच नाद लागला. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइनच्या पलीकडे, वेझेलच्या आसपासच्या शेतांत इंग्रजांची शेकडो ग्लायडर्स उतरली होती. लाकडी, बिनइंजिनाची, एकदा खाली आली की परत न जाणारी. त्यातलं कुठलं कुठल्या शेतात पडलं, आतल्या माणसांचं काय झालं, हे तो शोधायचा. तेव्हाच्या हवाई फोटोंवर आजचे नकाशे बसवायचे आणि काही हाती लागलं की त्या माणसांच्या नातेवाइकांना कळवायचं. कोलोनच्या घरातलं जेवणाचं टेबल कायम त्या पसाऱ्याखाली असे.

यॉर्कच्या डोरोथीबाईंनी त्याच्याकडे आपल्या मामाची चौकशी केली. मामाचं नाव आर्थर, ग्लायडरचा पायलट. त्याच्या जोडीदाराची कबर सापडली होती, आर्थरचा मात्र मागमूस नव्हता. डोरोथीची आई भावाची वाट बघतच गेली.

फोटोत ते ग्लायडर सापडलं. एक पंख मोडलेला, जळून काळ्या पडलेल्या गोठ्याला खेटून पडलेलं. शशिधरने आजचा नकाशा त्यावर सरकवत नेला, आणि ओढा जुळला तसा त्याचा हात थांबला. ती त्याची सासुरवाडी होती. चाळीस वर्षं त्याच अंगणात बसून तो कॉफी पीत आला होता.

रेनाटेने फोटो पाहिला. तिचा जन्म युद्धानंतरचा, वडील रशियातल्या कैदेतून सुटून आल्यावरचा. मिरजेच्या सासूबाईंकडून ती मराठी शिकली होती, अगदी ‘अहो’सकट.

“अहो, गोठा विजेने जळला होता,” ती म्हणाली. “आईने तरी तसंच सांगितलं होतं.”

“तुझ्या ताईला विचारू या.”

“ती सत्याऐंशी वर्षांची आहे. कशाला?”

पण रविवारी गाडी तिनेच काढली.

तिची ताई, माथिल्ड, त्या घरात एकटीच राहायची. जमीन खंडाने दिलेली, गोठा रिकामा. शशिधरने फोटो पुढे ठेवला. तिने चष्मा लावला नाही.

“म्हणजे, सापडला म्हणायचा,” ती म्हणाली. आणि बाहेर गोठ्याच्या दाराशी जाऊन, उभ्या उभ्याच बोलायला लागली.

तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या पायलटचं कंबरेचं हाड मोडलं होतं. आईने आणि आजोबांनी त्याला उचलून गोठ्यात गवतावर ठेवलं, पाणी पाजलं. दुपारी छपरावर तोफगोळा पडला. आई धावत आत गेली आणि एक गाय सोडून घेऊन आली. पुन्हा गेली, दुसरी घेऊन आली. छप्पर कोसळेपर्यंत ती गायीच काढत राहिली.

“तो ओरडत होता?” रेनाटेने विचारलं.

“हो. मलाच हाका मारत होता. दारात मी उभी होते ना.”

जे उरलं ते तिथेच राहिलं. इंग्रज आले तेव्हा भीतीपोटी कोणी तोंड उघडलं नाही, आणि पुढच्या वर्षी गोठा पुन्हा उभारताना वर फरशी आली.

परतताना रेनाटे म्हणाली, “त्या बाईंना कळवू नका. आईला खुनी म्हणतील.”

“माणूस फरशीखाली आहे, रेनाटे.”

“माझी आईही मातीखालीच आहे.”

आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. शेवटी माथिल्डनेच फोन करून सरकारी माणसांना बोलावलं. त्यांनी फरशी फोडली. हाडं मिळाली, पट्ट्याचं बक्कल मिळालं.

शशिधरने कळवलं तशा डोरोथीबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ. एकीला जर्मन येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी, त्यामुळे मधे शशिधर. माथिल्डने सगळं सांगितलं, गायींसकट. रेनाटे त्याच्याकडे एकटक बघत होती. थोडं गाळलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. त्याने काही गाळलं नाही. हाकांपाशी आला तेव्हा मात्र ते वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं.

डोरोथीबाई उघड्या मातीकडे वळल्या.

“विचारा तिला,” त्या म्हणाल्या, “तिची आई नंतर कशी जगली?”

माथिल्ड म्हणाली, “गोठ्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही. धारा मी काढायचे, शाळेत जायच्या आधी. तिने मला कधी जवळ घेतलं नाही. मी सगळं पाहिलं होतं ना.”

हे रेनाटेला ठाऊक नव्हतं.

डोरोथीबाईंनी मान हलवली आणि हात न मिळवता गाडीकडे निघून गेल्या.

शरद ऋतूत आर्थरचं दफन झालं, बरोबरच्या सैनिकांच्या रांगेत. माथिल्ड आली नाही. सगळं उरकल्यावर डोरोथीबाई रेनाटेजवळ येऊन थांबल्या.

“तुमची बहीण कशी आहे?”

“नीट जेवत नाही,” रेनाटे मोडक्या इंग्रजीत म्हणाली.

“मीसुद्धा,” डोरोथीबाई म्हणाल्या, आणि दोघी फाटकापर्यंत बरोबर चालत गेल्या.