आंबिलाच्या बिंदग्यात पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुनं बिंदगं आहे. मातीचं, गोल पोटाचं, तोंड हात जाईल एवढं, आणि काठाचा एक टवका उडालेलं. माझ्यात वर्षातून एकदा आंबील भरतात. पण मागचे नऊ महिने माझ्या पोटात काय होतं, सांगू? चार पेनं, मोबाइलच्या वायरी, एक कात्री आणि एक निळा पासपोर्ट! हसू नका. मला तर आधी रडूच आलं होतं.

चाकूरजवळच्या एका खेड्यात, पंचेचाळीस वर्षांपूर्वी, मी कुंभाराच्या आव्यातून भाजून निघालो. गावातल्या अण्णाराव नावाच्या पोराच्या आईनं मला टिचकी मारून पाहिलं, खणखणीत आवाज आला, आणि मी त्यांच्या घरचा झालो. आमच्या लातूर भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की शेंगा-भाज्यांची भज्जी, खीर आणि आंबील यांवर आडवा हात मारायचा. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक यांचं आंबटगार पेय, लसूण-कोथिंबीर घातलेलं. ते घरातलं एक माणूस डोक्यावर घेऊन रानात येतं, आणि ते येतं माझ्यातून. तोवर कुणी घास तोंडात घालत नाही. म्हणजे बघा, एका दिवसाचा का होईना, मी राजाच की!

तो मान अण्णारावच्या धाकट्या भावाचा, वैजनाथचा असायचा. मोठा वांड पोरगा. एका वर्षी बांधावरून पळत आला आणि पाय घसरून पडला. पण मला त्यानं छातीशी असं धरलं होतं, की त्याचे दोन्ही कोपर सोलले आणि माझा नुसता टवका उडाला. त्याच्या आईनं आधी विचारलं, "बिंदगं फुटलं का?" आणि मग विचारलं, "तुला लागलं का रे?" तेव्हापासून मला जरा जास्तच तोरा चढला, हे कबूल करतो.

पुढे वैजनाथ शिकला आणि ऑस्ट्रेलियात गेला. "पुढच्या येळवसला येतो" असं दरवर्षी फोनवर सांगायचा. मग एका वर्षी तो गेल्याचाच फोन आला. त्याची लेक तनुजा तेव्हा अकरा वर्षांची होती. त्यानंतर अण्णाराव मला डोक्यावर घ्यायचा, पण आंबील संपली की मी गोठ्याच्या माळ्यावर, वर्षभर धुळीत.

आणि यंदा होळीच्या सुमाराला तनुजा आली. एकतीस वर्षांची. बापाचा मुलूख बघायला एका वर्षाची परवानगी काढून आली होती आणि लातूरला दोन खोल्या घेऊन राहत होती. तिकडच्या ऑफिसचं काम ती इथूनच कॉम्प्युटरवर करायची. तिकडं सूर्य लवकर उगवतो, म्हणून हिचं काम पहाटेच सुरू व्हायचं आणि दुपारी ती मोकळी.

पहिल्याच भेटीत ती गोठ्यात डोकावली आणि मला बघून म्हणाली, "काकू, किती सुंदर आहे हे! मला द्याल का?"

अण्णाराव "अगं, पण ते..." म्हणेपर्यंत त्याच्या बायकोनं, धोंडाबाईनं, त्याला डोळ्यानं दटावलं. मला पदरानं पुसलं आणि तनुजाच्या हातात दिलं. तनुजा पिशवी आणायला गेली तेवढ्यात मी नवराबायकोचं बोलणं ऐकलं.

"वैजूभाऊजीची लेक हाय. तिनं आपल्या तोंडानं मागितलं," धोंडाबाई म्हणाली. "औंदा आंबील तीच आणील. तिचाच मान हाय."

माझ्या अंगावर काटा आला, मित्रांनो! पण मेली गंमत अशी, की हे तनुजाला कुणी सांगितलंच नाही. घरच्या पोरीला काय सांगायचं? आणि तिनं मला नेऊन खिडकीत ठेवलं, आणि पोटात वायरी कोंबल्या.

राग हळूहळू निवला. पोरगी गुणाची होती. दुपारी गंजगोलाईच्या बाजारात भटकून यायची, भाव न करता भाजी घ्यायची आणि खालच्या मजल्यावरच्या पंचशीलाच्या शिव्या खायची. पंचशीला मूळची भोकरची, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नोकरीला. तिनंच तनुजाला भाकरी थापायला शिकवली, नळ आल्यावर आधी काय भरायचं ते शिकवलं. संध्याकाळी दोघी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. रविवारी तनुजा बसनं गावाकडं जायची. पण दर शनिवारी न चुकता फोन करायची, "काकू, उद्या आले तर चालेल का?"

"आता ह्ये काय इच्यारायचं असतंय, माय?" धोंडाबाई दरवेळी हसायची.

तिला तिकडच्या ऑफिसला एकतीस डिसेंबरच्या आत कळवायचं होतं, परत येणार की अजून एक वर्ष राहणार. तिचं मन इथं लागलं होतं. पण ती आईला फोनवर म्हणायची, "सगळे लाड करतात गं. पण पाहुणीचे करतात तसे. मी यांची आहे की नाही, तेच कळत नाही."

येळवसच्या आदल्या रविवारी धोंडाबाई तिला म्हणाली, "शुक्रवारी आमोशा हाय, बरं का. बिंदगं दोन दिस उन्हात ठीव." झालं! धोंडाबाईच्या लेखी हेच आवतन. तनुजानं मान डोलावली आणि मला खिडकीत चार बोटं पुढे सरकवलं.

शुक्रवारी सकाळी ती दूध आणायला खाली उतरली. दुकान बंद. रस्त्यावर ना रिक्षा, ना माणूस, जणू संचारबंदी लागलेली. परत येऊन तिनं बिस्किटं खाल्ली आणि फोन समोर ठेवून कामाला बसली. दहा वाजले, अकरा वाजले. रानात रेंज नाही हे तिला कुठलं माहीत! शेवटी तिनं आईला फोन लावला. "सगळे शेतात गेलेत, आई. मला कुणी बोलावलंच नाही." आणि तिला हुंदका आला.

मी खिडकीत बसून जीव तोडून ओरडत होतो. अगं ए पोरी, तिकडं सगळे उपाशी बसलेत तुझ्यासाठी! पण मातीच्या भांड्याला तोंड असून काय उपयोग? तिनं कॉम्प्युटरवर ऑफिसला 'परत येते' असं पत्र लिहिलं, पण अजून धाडलं नाही. मग माझ्या पोटात हात घालून पासपोर्ट काढला आणि त्यातली परवानगी संपायची तारीख बघू लागली.

तेवढ्यात खाली स्कूटी थांबली. पंचशीला सासूच्या गोळ्या विसरली होती म्हणून अर्ध्या वाटेतून परतली होती. वरची खिडकी उघडी बघून ती धापा टाकत जिना चढली.

"तनुजा! तू घरी काय करून राहिली? रानात कामून गेली न्हाईस?"

"मला कुणी बोलावलं नाही."

पंचशीला खो खो हसली. मग तनुजाचे डोळे बघून शेजारी बसली. "अगं बाई, आपल्याच रानात जायला आवतन लागतंय का? आम्हाला शेती न्हाई, तरी माझ्या ऑफिसातल्या शिवशंकर सरांच्या रानात चाललोय. आम्हाला काय कुणी पत्रिका धाडली?" आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. "अगं माय! आंबिलाच्या बिंदग्यात वायरी? हे तुझ्या काकूनं दिलं?"

"मी मागितलं म्हणून."

पंचशीलानं कपाळावर हात मारला. "म्हणजे आंबील तू न्यायची हाय, येडे! ती बाई वाट बघत बसली असंल!"

तनुजानं मला पलंगावर उपडं केलं. पेनं, वायरी, कात्री, सगळं घरंगळलं. पासपोर्ट पलंगाखाली गेला तो तिनं उचललाही नाही. मला कुशीत घेऊन ती स्कूटीवर मागे बसली. वाटेत सासूच्या गोळ्या देऊन आम्ही पुढे निघालो, आणि प्रत्येक खड्ड्याला ती मला छातीशी आणखी घट्ट धरत होती. मला कुणाची आठवण आली, ते सांगायला नको.

रानात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. कोपीसमोर दहा-बारा माणसं बसलेली, भज्जीवर झाकण तसंच. अण्णाराव म्हणत होता, "आता वाढ की, भुकेनं जीव चाललाय." धोंडाबाई म्हणत होती, "बिंदगं येऊ द्या."

आम्हाला बघून ती उठली. उशीर का झाला, हे विचारलंसुद्धा नाही. तनुजा म्हणाली, "काकू, मला माहीतच नव्हतं..." आणि डोळे पुसू लागली.

"रडू नगं. आधी हात धू," धोंडाबाई म्हणाली. तिनं मला विहिरीच्या पाण्यानं खळखळून धुतलं, घरून पातेल्यात आणलेली आंबील काठोकाठ भरली. तनुजाच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर मला ठेवलं आणि म्हणाली, "आता परत जा आणि बांधावरनं ये. घरच्यावाणी."

तनुजा दोन्ही हातांनी मला धरून बांधावरून चालू लागली. अण्णाराव मागोमाग होता. एका ठिकाणी तो म्हणाला, "हळू गं. हितंच तुझा बाप पडला हुता. वरच्या काठाला हात लाव, टवका लागंल. त्याचीच करामत हाय ती."

तिची बोटं माझ्या काठावरून फिरली आणि टवक्यावर थांबली. नऊ महिने तिनं मला रोज पाहिलं होतं, पण त्या जागी कधी बोट लावलं नव्हतं. ती हसायला लागली आणि रडायलाही लागली. माझी आंबील हिंदकळून तिच्या केसांत, कपाळावर ओघळली, तरी तिनं मला सोडलं नाही. खरं सांगतो, मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, वैजनाथच आला.

संध्याकाळी ती गावाजवळच्या टेकाडावर चढली, तिथं फोन लागतो. आईला म्हणाली, "आई, बाबांनी टवका पाडलेलं बिंदगं आज मी आणलं. मी अजून एक वर्ष राहते."

धोंडाबाईनं मला परत तनुजाच्याच हातात दिलं. "ने. पुढच्या येळवसला तूच आणायचं." आता मी पुन्हा लातूरच्या खिडकीत आहे, पण रिकामा, धुतलेला, उन्हात. वायरींसाठी तिनं प्लास्टिकचा डबा आणला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं, टवका उडालेलं भांडं असेल. त्यात काही ठेवण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारा, हे कशाचं, आणि हा टवका कुणी पाडला? आम्ही सांगू शकत नाही हो, आणि सांगणारी माणसं कायमची नसतात. आणि आपल्या माणसांकडं जायचं असेल, तर आवतनाची वाट बघत खिडकीत बसू नका.

परवा शनिवारी तनुजानं सवयीनं फोन हातात घेतला. काकूचा नंबर काढला. मग माझ्याकडं बघितलं, फोन खाली ठेवला, आणि रविवारी सकाळी न विचारताच चाकूरच्या बसमध्ये जाऊन बसली.