दिवा लवला की

गोदावहिनीच्या उजव्या तळव्यात एक सूक्ष्म कंप वस्तीला आला होता. ती चहाची कपबशी पुढे करी तेव्हा चहावर बारीक वलये उठत, आणि वहिनी उठून गेली तरी काही क्षण बशीत हलत राहत. त्या वर्षी दिवसभर ट्रॅक्टरवर बसून तिने जे यंत्र हाताखाली धरले, ते संध्याकाळी घरी येतानाही तिला सोडत नसे. थोरल्या भावाची ही बायको आठवू लागलो की मला तिचा चेहरा आधी दिसत नाही. ती वलये दिसतात.

ते दुष्काळाचे वर्ष होते. पारनेरच्या पठारावर आकाश कोऱ्या पितळी ताटासारखे तापे आणि तसेच रिकामे राही. नांगरायला ओल नव्हती, म्हणून दादाचा ट्रॅक्टर लिंबाखाली नुसता उभा होता. वीज येणार म्हणून गावात खांब रोवले गेले होते, त्या भरवशावर दादाने पाण्याची विजेची मोटार आधीच आणून ठेवली होती. तारा मात्र आल्या नव्हत्या, आणि त्या उघड्या खांबांवर कावळे बसत. विहीर आटली होती. ती आणखी खोल न्यायची, तर तळाशी झिरपणारे गढूळ पाणी सतत उपसत राहणे भाग होते; नाहीतर खोदणाऱ्यांचे पाय चिखलात रुतत आणि पहार चालत नसे.

भोवतालच्या साऱ्यांचा रिवाज ठरलेला होता: डिझेलचे इंजिन दोरांनी विहिरीत सोडायचे आणि तिथेच चालवायचे. वहिनीच्या माहेरीही असेच सोडले होते. इंजिनाचा धूर खोल विहिरीत साचून राहिला, आणि तिचा पाठचा भाऊ तळाशी उतरला तो चालत वर आला नाही. या गोष्टीविषयी ती कधी बोलत नसे. दादाने इंजिनाची भाषा काढली त्या दिवशी, चुलीतला जाळ मागे ओढत, वर न बघता ती एवढेच म्हणाली, “इंजिन इहिरीत उतरवायचं आसंल, तर आदी मला उतरवा.”

त्यानंतर दादा भिंगारला गेला आणि लष्कराने टाकून दिलेल्या सामानाच्या बाजारातून एक जडशीळ हिरवा डायनामो घेऊन आला. विहिरीपासून दूर तो लाकडी ओंडक्यांवर घट्ट बसवला, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकीवरून त्याला कॅनव्हासचा रुंद पट्टा जोडला. धूर वर राहिला, आवाज वर राहिला. खाली उतरली ती फक्त तार. तिच्या टोकाला मोटार चालू लागली आणि कपारीत एक दिवा लागला. खाली जाणाऱ्यांत दादा स्वतः होता, म्हणून वर कोणी बसायचे हा प्रश्न उरला. आणि तो कोणी विचारण्याआधीच वहिनी पदर खोचून ट्रॅक्टरवर चढली.

मी तेव्हा नगरला शिक्षक होतो. सुट्टीला गेलो की लिंबाच्या सावलीत पुस्तक उघडून बसे, आणि पुस्तकावरून तिच्याकडेच बघत राही. न चालणाऱ्या वाहनावर इतका दूरचा प्रवास करणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. मोटारीवर भार आला की इंजिनाचा आवाज जड होई, तिच्याजवळ बाभळीच्या मेढीला टांगलेला दुसरा दिवा पिवळा पडे, आणि तिची बोटे इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या दांडीवर केसभर सरकत. दिवा पुन्हा पांढरा होई. तिने विहिरीत कधी डोकावून पाहिले नाही. आपला उजेड खाली कुणाच्या खांद्यावर पडतो, हे ती मेढीवरच्या त्या दिव्यातच वाचत असे. सकाळी घागर आली की पहिले पाणी ट्रॅक्टरच्या तापलेल्या टाकीला, मग खालच्या माणसांना, आणि उरले तर तिला.

येणारेजाणारे बोलल्याशिवाय राहत नसत. वाटेवरचा एक म्हातारा रोज काठी टेकून थांबे. एकदा म्हणाला, “गोदा, सकाळधरनं गाडी हाकतीस, आन् हायेस तिथंच की गं.”

“पळाली तर तुमच्याच अंगावं यील, मामा,” ती म्हणाली. “हाय तिथं हाय म्हनून उबे हायेत तुमी.”

म्हातारा हसत पुढे गेला. ती हसली नाही. तेवढ्यात दिवा पिवळा पडला होता.

इंजिनाच्या घरघरीत हाक खाली पोचत नसे. म्हणून तिने एक खूण लावली होती. भाकरीची वेळ झाली की ती दांडी दोनदा मागे घेई; खालचा दिवा दोनदा लवे, आणि माणसे दोराला धरून वर येत. दादा म्हणे, तळाशी उभे असताना तो उजेड मान लववून बोलावतो तेव्हा बरे वाटते.

चैत्रात तिचा थकवा चेहऱ्यावर उतरला. रात्री ती जागीच असे. भिंतीकडे तोंड करून पट्टा निसटल्याचा, तार तुटल्याचा विचार करत असावी. मी दांडी धरतो म्हणालो, तर तिने मानेनेच नाही म्हटले. अशाच एका सकाळी, ऊन अजून तिरपे असताना, खालची माणसे एकामागून एक वर आली. चिखलाने माखलेली, भाकरीची वाट बघत ती बसली तेव्हा वहिनी गोंधळून बघत राहिली.

“कुनी बोलीवलं तुमाला?”

“तुमीच की, वैनी,” एक गडी म्हणाला. “दिवा दोनदा लवला.”

तिचा चेहरा राखेसारखा झाला. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. हात दांडीसकट खाली आला, दचकून सावरला, पुन्हा आला. माणसे हसू लागली, पण तिच्याकडे पाहून थांबली. ती माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “माजा हात झोपला, भावजी. आज नुसता लवला. उद्या इझला तर?”

दादा ट्रॅक्टरवर चढला, तिच्या हाताखालची दांडी आपल्या हातात घेतली आणि म्हणाला, “उतर. टरालीच्या सावलीला पड जरा.”

ती पडली आणि तिथेच झोपली, मातीत, पदर तोंडावर न घेता. काम थांबले होते, मोटार बंद केली होती. डिझेल वाचवावे म्हणून दादाने इंजिनाचा वेग उतरवत आणला. आवाज मंदावताच तिच्या कपाळावर आठी उमटली, उजवा हात मातीत काहीतरी शोधू लागला. दादाने दांडी पुन्हा पुढे केली. आठी विरली, हात निजला. डिझेल किती दुरून, किती विनवण्यांनी येते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. तरी गड्यांनी आवाज न करता भाकरी मोडली. ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत ट्रॅक्टर चालत राहिला, आणि निर्मनुष्य विहिरीच्या तळाशी एकटा दिवा कोणासाठीही नसल्यासारखा जळत राहिला. माझ्या भावाने आपल्या बायकोला आयुष्यात काय दिले असे कोणी विचारले, तर मी ती दुपार सांगेन.

पुढे खडकाच्या एका चिरेतून पाणी आले. फार नाही, दोन घरांना आणि जनावरांना पुरेल एवढे. सगळे वर सुखरूप आले. वहिनी ट्रॅक्टरवरून खाली उतरली, त्या पाण्याने आधी ट्रॅक्टरची टाकी भरली, आणि मग प्रथमच विहिरीच्या काठाशी जाऊन आत पाहिले. बराच वेळ ती पाहत होती. तिला आत कोण दिसले, हे मी विचारले नाही.

नंतरच्या हिवाळ्यात ती तापाने गेली. शेवटच्या दिवशी मी तिचा हात धरला तेव्हा तो कंप तळव्यात नव्हता, आणि त्यावरूनच मला कळले.

ती गेल्यावर उन्हाळ्यात खांबांवर तारा चढल्या. आता बटण दाबले की मोटार चालते. तिथे कोणाला बसावे लागत नाही. पण गावातला हा विजेचा प्रवाह अशक्त आहे. शिवारात कोणाची मोटार सुरू झाली की घरातले दिवे मान टाकतात. परवा संध्याकाळी मी आणि दादा ओसरीवर खोदकामाच्याच गोष्टी काढून बसलो होतो. दिवा एकदा लवला. मग पुन्हा लवला. दादा बोलता बोलता थांबला, हात धोतराला पुसले आणि उठून उभा राहिला, तळातून वर यायला निघाल्यासारखा. मग दिवा पांढरा झाला, आणि तो तसाच उभा राहिला.

तिची आठवण आम्हाला उजेडात येत नाही. उजेड क्षणभर उणा होतो तेवढीच तिची जागा. आणि काळाने बाकी सारे भरून काढले, तरी ती अजून भरलेली नाही.