पिकअपवाले भावोजी

मी डिझेल पिकअप घेतली ती रोज ऑफिसला जायला. पण नातेवाइकांना वाटतं, मी त्यांची कपाटं वाहायलाच जन्माला आलोय. गेल्या महिन्यात तीन सोफे, दोन फ्रिज वाहिले. सासूबाईंचा नवा पलंग तर घरी नेला आणि रंग पसंत पडला नाही म्हणून दुकानात परत नेला.

आज सकाळी गाडी सुरू करून निघणार, तेवढ्यात मेहुणीचा फोन.

"भावोजी, पिकअप मोकळी आहे ना?"

"अगं, बंद पडलीये! कालपासून सुरूच होत नाही!" इंजिनाच्या धडधडाटात मला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं.

"मग हा आवाज कसला?"

"मिक्सर लावलाय!"

"बरं," ती म्हणाली, "मग मिक्सर घेऊनच या. कपाट खाली रस्त्यावर उतरवून ठेवलंय."