माझ्या डोक्यावरची मेंढी

आधी एक गोष्ट ठरवून टाकू या. माझ्या डोक्यावर जे जनावर आहे, ती मेंढी आहे. बकरी नाही. एवढं मान्य असेल तरच पुढे बोलते.

मी सेंट ऑस्वाल्ड बेटावरच्या बिशपांची काठी. बिशप म्हणजे कळपाचा मेंढपाळ, म्हणून त्याच्या हाती मी. बायबलात मेंढ्या म्हणजे भली माणसं आणि बकऱ्या म्हणजे वाट चुकलेली. वरच्या टोकाला मला आकड्यासारखं वळण आहे आणि त्या वळणात ते जनावर उभं आहे. आजवर पाच बिशपांचे तळवे मी ओळखते. कोणाच्या हाताला घाम यायचा, कोणाच्या हाताला तळलेल्या माशाचा वास यायचा, सगळं मला ठाऊक आहे. पण मी चुगलखोर नाही.

वादळात पडलेल्या महोगनीपासून मला जोसाया क्वाश सुतारानं घडवलं. पहिले बिशप पिम नुकतेच इंग्लंडहून बोटीनं उतरले होते. त्यांनी "वर एक छानसं कोकरू कोर," असं सांगितलं. महिन्याभरानं मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"क्वाश, ही तर बकरी आहे!"

"नाही साहेब, मेंढी."

"मग लोकर कुठंय?"

"कसली लोकर? एवढ्या उन्हात लोकर घालून मेंढी जगेल का, साहेब? आमच्याकडं शेपटी बघतात. वर असली तर बकरी, खाली असली तर मेंढी. बघा, खाली आहे."

शेपटी खरंच खाली होती. लाकूड कमी पडलं म्हणून क्वाशनं ती वेगळी कोरून खुंटीनं बसवली होती. अंगठ्याएवढी शेपटी, पण माझी सगळी अब्रू तिच्यावर होती. पिमसाहेबांनी दहा वेळा मान वाकडी करून पाहिलं आणि शेवटी मला हातात घेतलं.

आमच्याकडं नवा बिशप आला की कॅथेड्रलचं मोठं दार आतून बंद करतात. बिशपनं बाहेर उभं राहून माझ्या पायानं तीनदा ठोकायचं, मगच वॉर्डन, म्हणजे चर्चचा राखणदार, अडसर काढतो. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तो. एरवी मी कोपऱ्यात उभी असते, पण त्या दिवशी माझ्यावाचून सगळ्या बेटाचं अडतं!

त्या दारावर आमचा सगळा इतिहास आहे. पिमसाहेबांच्या खुणा शोधाव्या लागतात. शेजाऱ्याकडं साखर मागायला आल्यासारखे ते हळूच ठोकत होते. दुसरे चमली, साडेसहा फूट उंच, त्यांचे खड्डे एवढे वर की पुसायला शिडी लागते. समुद्राला ते इतके भ्यायचे की पलीकडच्या बेटांवर जाताना होडीत मला दोन्ही हातांनी कवटाळून डोळे मिटून बसायचे. मला फार बरं वाटायचं.

तिसरे थॅडियस गम्ब्ज, आपल्याच मातीतले पहिले बिशप. त्या दिवशी अख्खं बेट रडत होतं, हसत होतं. गम्ब्जनी आनंदाच्या भरात असं काही ठोकलं की तिसऱ्या ठोक्याला माझी शेपटी उडाली.

"साहेब, शेपटी पडली!" कोणीतरी ओरडलं.

"पडू दे रे! बकरीला शेपटीचं काय कौतुक!" म्हणत ते आत गेले.

संपलं. त्या दिवसापासून मी बकरी. "बकरी कुठं ठेवली?" "बकरी पुसली का?" चौथे बिशप आयव्हर तर लांबलचक प्रार्थनेत माझ्यावर हनुवटी टेकून घोरायचे आणि जाग आली की "बकरी, किती वेळ झाला?" असं मलाच विचारायचे. पुरावाच हरवला, तर मी काय बोलणार? फार लागायचं मनाला.

आणि मग पाचव्या ठरल्या युलाली लॅव्हिल. पहिल्या बाई बिशप, उंची चार फूट दहा इंच. मी हरखून गेले. तेवढ्यात इंग्लंडच्या कुठल्याशा चर्चनं चांदीची नवी काठी भेट पाठवली. तिच्यावर होतं लोकरीनं गुबगुबीत झालेलं कोकरू! आमचे डीन, म्हणजे कॅथेड्रलचे कारभारी पाद्री, ते तर विरघळलेच.

"हे बघा खरं कोकरू! आता बकरीला विश्रांती."

दाराबाहेरच्या पडवीत माझ्यासाठी काचेची पेटी आली. आत चिठ्ठी होती : 'जुनी काठी (बकरी)'. एकदा चांदीच्या काठीनं दार उघडलं, की मी कायमची पेटीत. दारासमोर, पण दाराला न शिवता. माझ्यासारखीला याहून वाईट काय असतं?

तो दिवस उजाडला. युलालीबाई उन्हात दारासमोर उभ्या राहिल्या, मागं अख्खं बेट हॅट घालून. त्यांनी चांदीची काठी उचलली आणि ठोकली.

टिंग.

आत अडसरावर हात ठेवून वॉर्डन हेझेकाया थिबू उभे होते. वय वर्षं चौऱ्याऐंशी, कान त्याहून म्हातारे. तीन ठोके ऐकल्याशिवाय उघडायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता. आणि त्यांना एकही ऐकू आला नव्हता.

टिंग. टिंग. टिंग!

आत गायकांनी स्वागताचं गीत संपवलं आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं. मग तिसऱ्यांदा. बाहेर लोकांना चेव आला.

"अहो बिशपबाई, दार उघडायचंय की मांजर बोलवायचंय?"

"जरा जोरात! न्याहारी केली नाही का?"

बाईंनी जोर लावला. मुठीच्या दाबानं कोकराचा कान वाकला. डीन घामानं निथळले. एवढ्यात गर्दी सारत मिस इसिल्डा पुढं आल्या. जन्मभर मेंढ्या पाळलेली बाई, युलालीची लहानपणची रविवारच्या शाळेतली शिक्षिका.

"युलाली! ए पोरी! त्या चमच्यानं नाही उघडायचं हे दार!"

"मग काय करू, मिस इसिल्डा?"

"मेंढी घे!"

मेंढी! किती वर्षांनी ऐकला मी तो शब्द! पेटीला कुलूप होतं आणि किल्ली डीनसाहेबांच्या दुसऱ्या झग्यात, म्हणजे आत. मिस इसिल्डांनी डीनकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं आणि छत्रीची मूठ अशी हाणली की खळ्‌कन काच खाली.

"अहो! अहो!" डीन ओरडले.

"नंतर रागवा," म्हणत युलालीबाईंनी मला उचललं. तळवा छोटा होता, पण पकड मजबूत. ठोक! ठोक! ठोक! माझे तीन खड्डे दाराच्या पार खाली, सगळ्यांच्या खाली पडले.

"आलो, आलो!" आतून हेझेकाया खेकसले. "एवढं बडवायला मी काय बहिरा आहे?"

दार उघडलं आणि हसण्याच्या लोंढ्याबरोबर आम्ही आत गेलो. मी तर नाचतच होते.

प्रार्थनेनंतर पायऱ्यांवर सरबत आणि माशाचे वडे चालू असताना मिस इसिल्डांनी पर्स उघडली. रुमालाच्या घडीतून निघाली माझी शेपटी!

"गम्ब्जसाहेब बकरी म्हणाले म्हणून रागानं उचलली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, विचारेल कोणीतरी कधीतरी. इतक्या वर्षांत एकानं विचारलं नाही."

सगळे भोवती जमले. युलालीबाईंनी शेपटी खाली वळवून बसवली. चपखल! मेंढी म्हणणाऱ्यांनी हॅट उडवल्या. मग बाईंनी बोटानं ती फिरवली. वर वळवूनही चपखल. बकरीवाल्यांनी त्याहून मोठा गलका केला. क्वाशनं खुंटी गोल केली होती हो!

"डिंक आणा," डीन म्हणाले. "आज काय ते ठरवूनच टाका, बिशपबाई. मेंढी की बकरी?"

युलालीबाईंनी गर्दीकडं पाहिलं. पहिल्या रांगेतले धुतल्या तांदळासारखे होते, भिंतीपाशी उभं राहून रम पिणारे होते, वर्षातून एकदाच चर्चला येणारेही होते. बाईंचे डोळे भरून आले.

"डिंक नको," त्या म्हणाल्या. "माझ्या हवाली दोन्ही केलेत."

आता मी पेटीत नाही. बाईंच्या हाती असते, आणि चालता चालता त्या अंगठ्यानं माझी शेपटी कधी खाली करतात, कधी वर. चांदीचं कोकरू वाकड्या कानानं कपाटात बसलंय. त्यालाही कधी तरी बाहेर काढा, एवढीच माझी विनंती.

मघाशी मी तुम्हाला दरडावलं, ते मनावर घेऊ नका. कोणी विचारलंच तर मेंढी सांगा. पण आमच्याकडं आलात आणि शेपटी वर दिसली, तर खुशाल बकरी म्हणून हाक मारा. मी ओ देईन.