हड काच

गाड्यांच्या काचा बदलायच्या आमच्या दुकानात दोन जातींच्या काचा असतात: साधी आणि हड. काही गाड्यांत वेगाचा आकडा चालकाच्या समोर, थेट पुढच्या काचेवर उमटतो. मान खाली घालावी लागत नाही. त्या यंत्रणेचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. त्याची तीन आद्याक्षरं जोडून आमचे उस्ताद, म्हणजे दुकानाचे मालक, ‘हड’ म्हणतात. हड काचेच्या पोटात एक पापुद्रा असतो, वरच्या बाजूला केसभर जाड. तो नसला की आकडा दोनदा दिसतो, एकावर एक. बाकी दोन्ही काचा जुळ्या बहिणी. फरक सांगणारा शिक्का कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात.

त्या मंगळवारी बाबांची रुग्णवाहिका आली. दगड लागून काच तडकलेली. बाबा बत्तीस वर्षं रुग्णालयात चालक आहेत आणि ही नवी गाडी त्यांना पोटच्या पोरापेक्षा प्रिय आहे. ही तक्रार नाही. मी ती गाडी पाहिली आहे.

मी काच उचलायला गेलो, तेवढ्यात आतून उस्ताद ओरडले, “हड! अरे, हड!”

दारात कुत्रं झोपलं होतं. मी त्याला हाकललं. ते गल्लीच्या टोकाला गेलं तरी उस्तादांचं “हड” चालूच, म्हणून आणखी पुढे पिटाळलं. मग परत येऊन हाताशी होती ती काच बसवली.

चौथ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, “गाडी थांबत नाही.”

“म्हणजे?” आईने विचारलं.

“सिग्नलला उभी असते, पण काचेवर आठासारखं काहीतरी. ब्रेक दाबतो, तरी आठ. हँडब्रेक ओढतो, तरी आठ.”

“आणि चालायला लागल्यावर?”

“तेव्हाचं विचारूच नकोस. आकड्यांची उतरंड.”

“डोळे दाखवा आधी. परवा खुंटीवरच्या शर्टाला विचारत होतात, कधी आलास म्हणून.”

“तो तुझ्या भावाचा शर्ट होता. तुझा भाऊ तरी कुठे उत्तर देतो?”

आम्ही पोट धरून हसलो.

रुग्णालयाचे वाहनप्रमुख हसले नाहीत. बाबांनी गाडीच्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘उभ्या गाडीचा वेग आठ.’ त्यांना डोळे तपासायला पाठवलं. बाबा पहिल्या फटक्यात पास झाले.

“अरे, बत्तीस वर्षं तोच तक्ता,” त्यांनी मला गुपचूप सांगितलं. “पाठच झालाय.”

वाहनप्रमुख म्हणाले, डोळे ठीक, गाडी नवी, म्हणजे बिघाड तुमच्या डोक्यात. सोमवारी माझ्यासमोर गाडीत बसून आकडा सांगा, नाहीतर मंगळवारपासून खिडकीत बसून भेटायला येणाऱ्यांचे पास फाडा.

“भंगारात काढतायत मला,” बाबा म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी दुकानात उस्ताद किंचाळले, “ही हड काच अजून इथे कशी? त्या दिवशी घसा फोडून सांगत होतो ना, हड, हड!”

मी दाराकडे पाहिलं. कुत्रं त्या दिवसापासून फिरकलंच नव्हतं.

शून्यावर शून्य. इंग्रजी आठ. बाबांना दिसत होतं ते बरोबर होतं. आठ मी बसवला होता. चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

काच टेम्पोत घालून उस्तादांनी आणि मी रुग्णालय गाठलं. मी वाहनप्रमुखांना सांगितलं, “चूक माझी आहे, साहेब. हे हड म्हणाले, मी कुत्रं हाकललं.”

त्यांनी कोरा कागद पुढे केला. “लिहून देशील?”

दिलं. कुत्र्यासकट.

काच बसवली. चालकाच्या जागेवर बसून चावी फिरवली. एकच शून्य, अंड्यासारखं गोल. गाडी बंद केली आणि चावी खिशात टाकली. गोंद ओला असेपर्यंत चावी काच बसवणाऱ्याच्या खिशात, हा उस्तादांचा नियम.

बाबा इस्त्रीचा गणवेश घालून आले. आत बसले. वाहनप्रमुख खिडकीशी कागद घेऊन उभे राहिले.

“किती दिसतंय?”

बाबांनी काचेकडे पाहिलं. डोळे किंचित बारीक केले. मग पाढा म्हणावा तसं, कुठेही न अडखळता म्हणाले, “शून्य. एकच. एकदम स्वच्छ.”

वाहनप्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं.

काचेवर काहीच नव्हतं. चावी माझ्या खिशात होती.

मागे स्ट्रेचरवर धुतलेली चादर घडी करून ठेवली होती. अजून तिच्यावर कुणी नव्हतं.

“साहेब,” मी म्हणालो आणि चावी बाहेर काढली. “गाडी बंद आहे.”

टोपण परत पेनावर बसलं. उस्ताद स्वतःच्या चपला बघत राहिले.

मग बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. चावी हवी असेल म्हणून मी पुढे केली. हात चावीपासून वीतभर लांब, हवेतच मिटला.

“हड,” ते हळूच म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. कुत्रं कुठेच नव्हतं.